खडूतले पाय

लोकांच्या पायाखालची जमीन
आयुष्यात एखाद्या वेळी सरकते.
माझी रोज सरकते, पहाटे चारला,
हार्लिंगनच्या धक्क्यावरून बोट सुटली की.
बावीस वर्षं कोळंबीमागे
गुडघे सैल सोडून उभा आहे.
आणि इथे, बारमधल्या या लाकडी जमिनीवर,
जी माझ्या आजोबांच्या आधीपासून जागची हललेली नाही,
मला धड उभं राहता येत नाही.

चित्स्के म्हणाली, वोब्बे, तू झुलतोस.
म्हटलं, दोनच बिअर झाल्यात.
बिअरचं झुलणं मला कळतं, ती म्हणाली,
चाळीस वर्षं तेच विकतेय.
हे टाचेतून येतं.
डार्ट सुटतो न सुटतो तोच
तुझं नाक बोर्डाला भेटायला निघतं.

काउंटरमागून आली,
नवा खुबा सांभाळत, एक पाय घासत,
कानामागे हिशेबाचा खडू.
उजवा पाय रेघेला लाव. नुसता लाव, चढू नकोस.
आडवा हो थोडा. खांदा बोर्डाकडे,
दारातून टेबल आत नेताना होतोस तसा.
भार सगळा पुढे.
मागचा पाय? त्याला काम नाही.
बोटं टेकव फक्त,
झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा
तेवढीच.

मग वाकली, (खुब्याला दोन शिव्या देऊन)
आणि माझ्या बुटांभोवती
खडू फिरवला.
टेबलावरच्या गालिच्यावर पत्ते खेळणारे सगळे हसले.
जेल्टेने विचारलं, प्रेत कुणाचं?

मंगळवार गेले, पाच, सहा.
मी खडूच्या बाहेर सांडतच होतो.
दोन मीटर सदतीस. तेवढ्यात काय बुडतं,
पण मी बुडायचो.
ताठ झालो की जास्तच. पोटरीत गोळा यायचा,
डार्ट भिंतीत, एकदा तर जेल्टेच्या बिटरबॉलमध्ये.

एका रात्री, बार बंद करताना,
तिने विचारलं:
बोटीवरून धक्क्यावर उडी कधी मारतोस?
म्हणजे?
म्हणजे कधी. लाट वर जाताना, की खाली येताना?

कुणी विचारलं नव्हतं. पायांना ठाऊक होतं,
मला नव्हतं.
वर जाताना नाही. खाली येताना तर नाहीच.
वर गेल्यावर
बोट क्षणभर विसरते की तिला वजन आहे.
तेव्हा.

मग तेव्हाच सोड, ती म्हणाली,
आणि खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवू लागली.

मक्कुमशी सामना होता. बत्तीस राहिले होते,
म्हणजे डबल सोळा, माझा आवडता नव्हे.
ते लोक मागे उभे, दमट कोटांचा वास.
मी रेघेला पाय लावला.
झुललो. झुलू दिलं.
अंगातला समुद्र पुढच्या तळव्यात भरत आला,
भरला, थांबला.
कोपरापुढचाच हात काय तो गेला.

पहिला तारेवर आपटून खाली.
दुसरा बाहेर, पण केसाएवढाच.
तिसऱ्याचं मी सांगत नाही,
मक्कुमवाले सांगतील, हसत हसत,
बत्तीस त्यांनीच आधी संपवले.

सगळे बोर्डाकडे बघत होते.
चित्स्के बघत नव्हती.
खांबाला धरून ती वाकली होती
आणि जमिनीवरची ती पांढरी रेघ
बोटाने तपासत होती, टाचेपासून चवड्यापर्यंत,
कुठे पुसली का.

नाही, ती म्हणाली. कुठेच नाही.
आणि घरच्या खर्चाने
मला एक जिनिव्हर ओतली.
पहाटेला अजून पाच तास होते.